हरिश्चंद्रगड : पाचनईची वाट सोपी, पण माथा चकवणारा

अकोले : पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी राजूरच्या बाजारपेठेतून गाड्यांची रांग पाचनईकडे निघते. मुंबई, पुणे, नाशिक, संगमनेर, जिकडून तिकडून माणसं येतात. हरिश्चंद्रगडाची ही सगळ्यात सोपी वाट, असं सगळीकडे सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण सोपी आहे ती चढण. चढून वर गेल्यावर जो माथा लागतो तो धुक्यात अन् पावसात सोपा राहत नाही. गडावर चुकलेली, गारठलेली, अडकलेली बरीच माणसं चढताना नाही, माथ्यावर किंवा परतताना अडचणीत येतात. म्हणून वाट, पाणी, वेळ, अभयारण्याचे नियम आणि अडचणीत काय करायचं, ही सगळी माहिती एके ठिकाणी.

गड कुठे, अभयारण्य कोणतं

हरिश्चंद्रगड अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर आहे. इथं अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), पुणे आणि ठाणे हे तीन जिल्हे जवळजवळ येतात. गडाची उंची सुमारे १,४२० मीटर आणि वरचं तारामती शिखर त्याहून थोडं उंच.

गड आणि आजूबाजूचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतं. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर आहे. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड, घाटघर हा सगळा पट्टा त्यातच. राजूर आणि भंडारदरा अशी दोन वनपरिक्षेत्रं आहेत. पाचनईची बाजू राजूरकडे येते.

जंगल बारमाही हिरवं अन् पानझडी असं मिश्र आहे. हिरडा, बेहडा, जांभूळ, आवळा, करवंद ही नेहमीची झाडं. उतारावर कारवी दाट. शेकरू, म्हणजे राज्यप्राणी असलेली मोठी खार, इथल्या उंच झाडांवर घरटी करते. बिबट्या, रानडुक्कर, भेकर, ससा यांचा वावर असतो. बिबट्या सहसा दिसत नाही, त्याचे ठसे मात्र ओढ्याकाठच्या ओल्या मातीत दिसू शकतात.

वर जायच्या तीन मुख्य वाटा

पाचनई (ता. अकोले) : उत्तरेकडून येणारी वाट. चालायची सवय असलेल्याला अडीच ते तीन तास. घरच्या मोठ्या पोरांना घेऊन जाणारे हीच वाट धरतात.

खिरेश्वर (ता. जुन्नर) : पिंपळगाव जोगा धरणाच्या काठावरून, तोलार खिंडीतून येणारी वाट. खिंडीनंतर कातळाचा टप्पा आहे, तिथं रेलिंग लावलेलं आहे. पुढं माथ्यावर टेकड्या चढत-उतरत बरंच चालावं लागतं. चार-पाच तास धरावेत. धुक्यात चुकायची भीती या वाटेवर जास्त.

नळीची वाट (बेलपाडा, ता. मुरबाड) : कोकणातून थेट कोकणकड्याशेजारच्या घळीतून वर येते. मोठमोठे दगड, निसरडे टप्पे, सुटे धोंडे. दोर अन् जाणकार माणूस असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

खाली जी सविस्तर माहिती आहे ती पाचनईच्या वाटेची.

पाचनईला कसं पोहोचायचं

मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांनी घोटी, बारी, राजूर असं यावं. पुण्याकडून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ मार्गे येता येतं. संगमनेरकडून अकोले, राजूर असा रस्ता आहे. राजूरच्या पुढचा रस्ता घाटवळणाचा आणि अरुंद आहे. जोराच्या पावसात दगड-माती रस्त्यावर येते, त्यामुळे हा टप्पा शक्यतो उजेडात पार करावा. एसटीच्या फेऱ्या मोजक्याच असतात. राजूर स्थानकात वेळ विचारून घ्यावी आणि परतीची गाडीही तेव्हाच विचारावी. पेट्रोल राजूर किंवा कोतूळ सोडण्याआधी भरलेलं बरं.

गावात चहा, जेवण, मुक्काम आणि वाटाड्या या चारही सोयी घरगुती पद्धतीने होतात. पिठलं, भाकरी, ठेचा आणि गरम भात मिळतो. जेवण परतल्यावर हवं असेल तर सकाळी निघतानाच किती माणसं ते सांगून ठेवावं. म्हणजे घरच्या बाईला सरपण अन् पीठ यांचा अंदाज येतो.

वाट टप्प्याटप्प्याने

पहिला टप्पा गावापासून जंगलापर्यंत. प्रवेश शुल्काची पावती घेऊन वाट भातखाचरांच्या कडेने निघते. आवणीच्या दिवसांत बांधावरून चालावं, खाचरात पाय घालू नये. एक बांध फुटला की वरच्या खाचरातलं पाणी खाली जातं आणि एका माणसाचं दिवसाचं काम वाया जातं.

दुसरा टप्पा झाडीतला. चढ सरळ आहे, अवघड नाही. वाट मळलेली आहे आणि फाटे थोडे.

तिसरा टप्पा कड्याच्या पोटातला. इथं डोक्यावर कातळ छपरासारखा पुढे आलेला आहे आणि त्याखालून वाट आडवी जाते. अवघड ठिकाणी रेलिंग आहे. पावसाळ्यात वरून पाण्याच्या धारा पडतात आणि दरीत समोर धबधबे दिसतात. सगळ्यात जास्त फोटो इथंच निघतात अन् सगळ्यात जास्त पायही इथंच घसरतात. कातळावर शेवाळ असतं. रेलिंगच्या बाहेर जाऊन फोटो काढू नये आणि रेलिंगला टेकून सगळा भार टाकू नये.

चौथा टप्पा ओढ्याचा. वाट मंगळगंगेच्या पात्राजवळ येते आणि पाणी ओलांडावं लागतं. उन्हाळ्यात इथं पायही भिजत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हीच जागा दिवसाचा सगळा बेत बदलून टाकते.

पाचवा टप्पा माथ्याचा. ओढ्यानंतर चढ हलका होतो, झुडपं आणि गवत लागतं आणि थोड्या वेळात मंदिराचा कळस दिसतो. धुकं असेल तर अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

माथ्यावर काय पाहायचं

हरिश्चंद्रेश्वर मंदिर : सुमारे १६ मीटर उंचीचं दगडी मंदिर. सगळ्या बाजूंनी नक्षीकाम. परिसरात खोदलेल्या गुहा, पाण्याची टाकी आणि शिलालेख आहेत. योगी चांगदेवांनी इथं तप केलं आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके १२३४ मध्ये, म्हणजे इ.स. १३१२ साली, याच ठिकाणी पूर्ण केला, असं मानलं जातं. महाशिवरात्रीला गडावर भाविकांची गर्दी होते.

पुष्करणी : मंदिराच्या बाजूला दगडी बांधणीचं कुंड आहे. त्याला सप्ततीर्थ म्हणतात. एका बाजूला ओळीने कोनाडे आहेत.

केदारेश्वर गुहा : पाण्यात उभं असलेलं मोठं शिवलिंग. भोवती कंबरभर, बर्फासारखं गार पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. हे चार खांब म्हणजे चार युगं आणि शेवटचा कलियुगाचा, अशी लोकांची श्रद्धा आहे. भर पावसात गुहेपुढून मोठा प्रवाह वाहतो, तेव्हा आत जायचा हट्ट करू नये. इतर वेळीही त्या पाण्यात साबण, निर्माल्य, प्लास्टिक जाऊ देऊ नये.

तारामती शिखर : मंदिरामागच्या चढाने पाऊण तासात वर जाता येतं. पायथ्याच्या गुहांपैकी एका गुहेत मोठी गणेशमूर्ती आहे. हवा मोकळी असेल तरच वर जाण्यात अर्थ, ढगात काही दिसत नाही.

कोकणकडा : मंदिरापासून पश्चिमेला अर्ध्या तासावर. आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा अर्धगोल कडा, खाली थेट कोकण. वाऱ्याच्या दिवशी कड्यावरून टाकलेलं पान किंवा गवताची काडी उलटी वर येते. सकाळ-संध्याकाळी खाली ढग आणि मागे सूर्य असा योग आला, तर ढगावर स्वतःची सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली ते इथं पाहिल्याचं नेहमी सांगितलं जातं.

माथा का चकवतो

जुनी माणसं म्हणतात, गडावर चकवा लागतो. माणूस तासभर चालतो आणि फिरून त्याच दगडाशी येतो. यात भुताटकी काही नाही, कारण साधं आहे.

समुद्राकडून आलेला दमट वारा कोकणकड्याला आणि त्याच्या रांगेला धडकतो. त्याला पुढं जायला जागा नसते, म्हणून तो वर चढतो. वर गेला की थंड होतो आणि त्यातल्या पाण्याचा ढग होतो. खालच्या माणसाला जो ढग डोंगरावर टेकलेला दिसतो तो वरच्या माणसाला धुकं असतो. तो यायला तास लागत नाही. पाच-दहा मिनिटांत समोरचा माणूस दिसेनासा होतो.

दुसरं कारण गुरांच्या वाटा. माथ्यावर गुरं चरतात. त्यांच्या पायांनी पडलेल्या वाटा माणसांच्या वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात. त्या चांगल्या चाऱ्याकडे जातात, गावाकडे जातीलच असं नाही. पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं झालं की दोन्हींतला फरक कळत नाही. दगडावर रंगवलेले बाणही ढगात दिसत नाहीत.

तिसरं कारण आवाज. कड्यांमुळे हाक फिरून येते. पूर्वेला मारलेली हाक पश्चिमेकडून आल्यासारखी वाटते. त्यात ओढ्याचा आणि वाऱ्याचा आवाज मिसळतो. ‘हाक मारून शोधू’ म्हणत गटातले दोघं पुढं जातात आणि मग तेही हरवतात.

हा धोका नुसता सांगण्यापुरता नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तोलार खिंडीच्या बाजूने चढलेला पुण्याकडचा एक लहान गट धुक्या-पावसात वाट चुकला. रात्र उघड्यावर काढावी लागली आणि त्यातल्या एकाचा गारठ्याने जीव गेला. पाय घसरून नाही, कड्यावरून पडून नाही, नुसतं भिजून आणि गारठून.

धुक्यात वाट चुकली तर

पहिलं काम थांबणं. शेवटची खूण, म्हणजे बाण, रेलिंग, एकावर एक रचलेले दगड किंवा टाकं, जिथं दिसली होती ती जागा जवळ असेल तर सगळ्यांनी मिळून तिथं परतावं. एकटा माणूस शोधायला पाठवू नये.

दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे, म्हणून नीट लक्षात ठेवावी. ओढा धरून खाली उतरू नये. ‘पाणी गावाकडंच जाणार’ हा शहाणपणा सपाटीवर चालतो. गडावरचा ओढा कधी ना कधी कड्यावरून खाली पडतो. धुक्यात तो काठ दिसत नाही अन् कातळ निसरडा असतो.

तिसरं, शिट्टी. थोड्या थोड्या वेळाने शिट्टीचे एकसारखे फुंकर देत राहावेत. हाकेपेक्षा शिट्टी लांब जाते आणि घसा बसत नाही. अंधार पडला तर बॅटरी सतत चालू न ठेवता मधूनमधून दाखवावी, म्हणजे रात्रभर पुरते.

मोबाइलला माथ्यावर काही ठिकाणी रेंज येते, काही ठिकाणी नाही. ऑनलाइन नकाशावर भिस्त ठेवणाऱ्याने तो आधीच उतरवून घ्यावा. थंडीत आणि ओलाव्यात बॅटरी भराभर उतरते. सगळ्यांचे फोन फोटोत संपवू नयेत. गटातला एक फोन बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

ओढ्याला पाणी चढलं तर

सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी दुपारी मांडीपर्यंत येऊ शकतं. वर तारामतीच्या अंगाला जोराची सर आली की खाली ऊन असलं तरी ओढा फुगतो. पाण्याचा रंग गढूळ झाला, काड्या-पाला वाहत यायला लागला आणि आवाज बदलला की समजावं, पाणी वाढतंय.

गुडघ्याच्या वर जोराचं पाणी असेल तर उतरू नये. हात धरून साखळी केली तरी एक घसरला की चारांना नेतो. दोर बांधून ओलांडणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. सह्याद्रीतले हे ओढे जसे लवकर फुगतात तसे पाऊस थांबला की लवकर उतरतातही. दोन-तीन तास थांबणं हाच उपाय. थांबावं लागेल हे धरूनच जास्तीचं खाणं आणि कोरडे कपडे सोबत ठेवायचे असतात. उशीर झाला तर मंदिराजवळच्या गुहांकडे परतावं. ओढ्याकाठी अंधारात घाई करण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

गारठा कसा ओळखायचा

बर्फ पडत नाही म्हणून इथं थंडीने माणूस मरत नाही, असा समज आहे. अंग ओलं, वर जोराचा वारा आणि पोट रिकामं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की जुलै-ऑगस्टमध्येही शरीराची ऊब निघून जाते. सुती कपडे, जीन्स पाणी धरून ठेवतात आणि अंग गार करतात. गुराखी इरलं आणि घोंगडी का घेतो, याचं उत्तर यात आहे. लोकर भिजली तरी थोडी ऊब देते.

सुरुवातीला माणूस कुडकुडतो. मग बोलणं जड होतं, शब्द अडखळतात, पाय अडखळतात, बटण लावता येत नाही. नंतर तो म्हणतो, ‘मला काही होत नाही, थोडं झोपू द्या.’ कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं समजू नये. ती धोक्याची खूण आहे.

अशा वेळी त्याला वाऱ्याच्या आडोशाला न्यावं. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोकं आणि मान झाकावी. खाली पाला, बॅग, चटई असं काही घालावं, कारण ओली जमीनही ऊब ओढते. दोघांनी जवळ बसून आपली ऊब द्यावी. शुद्धीत असेल तर गरम गोड चहा, गूळ, चिक्की द्यावी. दारू अजिबात देऊ नये, तिने ऊब आणखी जाते. हातपाय जोरात चोळू नयेत.

कोकणकड्यावर

कड्याच्या टोकाला उभं राहू नये. पाहायचं असेल तर काही पावलं मागे थांबून, आडवं होऊन, मागून कोणी पाय धरलेले असताना पाहावं. गवताखाली कातळाची कड कुठं संपते ते कळत नाही आणि वाऱ्याचा झोत अचानक येतो. ढगात कड्याकडे जाऊच नये.

कड्याने अनुभवी माणसालाही सोडलेलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये दोराने कडा उतरणारा एक मोठा गट रात्रभर अडकला होता, त्यांना सोडवायला बचाव पथकं आणि गावकरी धावले. जानेवारी २०२० मध्ये तर उभं आयुष्य सह्याद्रीत काढलेला एक ज्येष्ठ गिर्यारोहक याच कड्यावर पडून गेला.

उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात कड्याकपारीला आग्या मोहोळ असतं. धूर, फटाके, उग्र अत्तर आणि दगड मारणं या गोष्टींनी माश्या उठतात. उठल्या तर तोंड झाकून शक्य तितक्या लवकर दूर जावं, पण पळताना कड्याची बाजू ध्यानात ठेवावी.

वेळेचं गणित

पावसाळ्यात एका दिवसाचा बेत असा बसतो. सकाळी साडेसहा-सातला गाव सोडायचं. साडेनऊ-दहाला मंदिर. मंदिर, पुष्करणी आणि जमलं तर केदारेश्वर पाहून साडेअकराला कोकणकडा. परत मंदिराजवळ येऊन जेवण. काहीही झालं तरी दोन वाजता उतरायला लागायचं. चार-साडेचारला गाव येतं, म्हणजे ओढ्याला पाणी आलं तरी थांबायला उजेड हाताशी राहतो.

अकरा-बाराला गाव सोडणाऱ्यांचं गणित इथंच चुकतं. चढतात बरोबर, पण उतरायला अंधार. उशीर झालाच असेल तर आडव्या कातळापर्यंत जाऊन धबधबे पाहून परतावं. तारामती आणि कोकणकडा दोन्ही एकाच पावसाळी दिवसात करायचा हट्ट धरू नये.

सोबत काय घ्यावं

माणशी दोन-तीन लिटर पाणी. पावसाळ्यात जागोजागी पाणी वाहतं, पण ते गुरांच्या चराईतून येतं, गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नये. मार्चनंतर माथ्यावर चांगलं पाणी मोजक्या टाक्यांतच राहतं. खोल नक्षीच्या तळव्याचे बूट, बॅटरी, शिट्टी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोरडे कपडे, लोकरीची टोपी, गूळ-शेंगदाणे-चिक्की आणि नेहमीची औषधं. छत्री वाऱ्यात टिकत नाही. पावसाळ्यात गवतात हात घालताना जपावं. घोणस, फुरसं आणि झाडावर हिरवा चापडा असू शकतो. साप चावला तर जागा कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नये. चावलेला हात-पाय न हलवता माणसाला उचलून खाली आणावं आणि लगेच दवाखान्यात न्यावं.

अभयारण्याचे नियम

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अभयारण्याला लागू आहे. त्यात वन्यप्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं या दोन्हींना मनाई आहे. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडणं गुन्हा आहे. शस्त्र परवानगीशिवाय नेता येत नाही, स्फोटक वस्तूंनाही बंदी आहे. म्हणजे शेकोटी, फटाके आणि प्लास्टिकच्या बाटल्या हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही. मोठ्या आवाजाचे स्पीकरही जंगलात नेऊ नयेत.

गडावर मुक्काम, तंबू आणि पावसाळ्यातला प्रवेश याबाबतचे आदेश वेळोवेळी बदलतात. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात प्रवेश बंदही होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी राजूर वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा पाचनईत चौकशी करावी. जुने व्हिडिओ पाहून सामान बांधू नये.

कचऱ्याची गोष्ट जिल्ह्याच्या शेतकऱ्यालाही लागू आहे. गडावरून निघणारी मंगळगंगा पुढं मुळेला मिळते. मुळा कोतूळवरून खाली जाते आणि राहुरीजवळ २६ टीएमसीच्या मुळा धरणात अडते. त्याच पाण्यावर राहुरी, नेवाशाकडचा ऊस अन् कांदा उभा राहतो. गडावर टाकलेली वेफर्सची पिशवी आधी पाचनईच्या गायीच्या पोटात जाते. तिथून सुटली तर नदीत.

गावाचा वाटा

पाचनई आणि आजूबाजूच्या वाड्यांत मुख्य वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. शेती पावसावरची. भात, नाचणी, वरई, खुरासणी आणि जंगलातला हिरडा यांवर वर्ष काढायचं. त्यात शनिवार-रविवारच्या पर्यटकांनी चार पैशांची भर घातली आहे.

पण एखादा गट हरवला की सर्वांत आधी बाहेर पडतात ती याच गावातली पोरं. बचाव पथक शहरातून यायला काही तास लागतात. तोवर गाव बॅटऱ्या घेऊन डोंगरात असतं. जुलैत आवणीचे दिवस असतात, दिवसभर चिखलात उभा राहिलेला माणूस रात्री पुन्हा गड चढतो. त्याला त्याचं वेतन कोणी ठरवून दिलेलं नाही.

म्हणून वाटाड्या घेणं याला जास्तीचा खर्च समजू नये. ढगात कुठला दगड कुठला, ओढा किती वाढेल, परत कधी फिरायचं हे त्याला ठाऊक असतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याने ‘आज नको’ म्हटलं तर ऐकावं. पैसे आधी ठरवावेत आणि अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं तरी ठरलेले पूर्ण द्यावेत. नाहीतर पुढच्या वेळी तो ‘नको’ म्हणायला कचरेल. वाटाड्या घेतला नाही तरी एका घरी गटातली माणसं किती, किती वाजता परतणार आणि एक फोन नंबर एवढं सांगून जावं. परतल्यावर ‘आलो’ हेही सांगावं.

कोणत्या महिन्यात काय

जून ते ऑगस्ट : धबधबे, धुकं, निसरडं. नवख्यांनी वाटाड्याशिवाय जाऊ नये.

सप्टेंबर-ऑक्टोबर : पाऊस ओसरतो, सोनकीची पिवळी फुलं माथाभर. नवख्यांसाठी हा काळ चांगला. कारवीचा मोठा बहर काही वर्षांच्या अंतराने येतो, दरवर्षी नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : हवा स्वच्छ, लांबचं दिसतं. रात्री कडाक्याची थंडी.

मार्च ते मे : ऊन, पाण्याची टंचाई, वणव्याची भीती. विडी-सिगारेटचं थोटूकही टाकू नये. मेच्या शेवटी पावसाआधी भंडारदरा-घाटघर भागात काजवे चमकतात, तिथं गाडीचे दिवे आणि बॅटरी बंद ठेवावी.

अडचणीच्या वेळी

रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, वन विभाग १९२६. फोन लागला की चार गोष्टी सांगाव्यात : कोणत्या गावातून चढलो, शेवटची ओळखीची जागा कोणती, माणसं किती आणि त्यांची तब्येत कशी. मग तिथून हलू नये. शोधणारे सांगितलेल्या जागीच येतात. वाट आपोआप सापडली आणि गट खाली आला, तर तेही लगेच कळवावं. नाहीतर खाली उतरलेल्यांना शोधत गावाची पोरं रात्रभर वर फिरत राहतात.